वहिनीला वेळ नव्हता

वहिनी गेली, हे मला दादाने फोनवर कळवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, साखळीला आमच्या जुन्या घरात राहतो. फोनवर तो कधी धड बोलत नाही. आधी खोकतो, मग समोरच्याने बोलायला सुरुवात करावी म्हणून वाट बघतो. त्या सकाळी तो खोकलासुद्धा नाही. "ये गो," एवढंच म्हणाला. मी पणजीहून बस धरली, खिडकीशी बसले, आणि डिचोली मागे पडली तरी मला रडू येत नव्हतं याचा मला रागच आला... आता त्याला काही आठवडे झाले. लोक भेटतात, हळहळतात, म्हणतात, "तुमची वहिनी फार सोशिक हो." मला ते ऐकवत नाही. सोशिक! आमच्या घरात तिच्याइतकी उतावळी बाई दुसरी झाली नाही. त्या उतावळेपणावर आमची वर्षा आज जिवंत आहे, म्हणून हे लिहायला बसले.

वहिनीचं माहेर पेडण्याकडचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन आली तेव्हा तिचं 'माका-तुका' ऐकून आम्ही हसायचो. ती चिडायची नाही, उलट जास्तच ठसक्यात बोलायची. दादा सुर्ल्याला खाणीच्या कचेरीत होता, मी साखळीत शाळेत शिकवत होते, माझं लग्न व्हायचं होतं. घरात आई, आणि दादाची एकुलती एक लेक वर्षा. गोव्याला तेव्हा राज्याचा दर्जा मिळायचा होता आणि भाषेचा वाद शिगेला पोचला होता. आमच्या घरातही तो जेवायला बसायचा. दादा मराठीचा, मी कोकणीची. गंमत म्हणजे दादा मराठीची बाजू कोकणीतून मांडायचा आणि मी वर्गात जाऊन मुलांना मराठी धडे शिकवायचे. असेच एकदा दोघे ताटावर हात वाळवत भांडत होतो. वर्षा मधूनमधून "उदक जाय, उदक जाय" म्हणत होती आणि आम्हाला ऐकूच येत नव्हतं. वहिनी आतून आली, पाण्याचा कोप, म्हणजे पेला, पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरीक तान लागली हा. ता खंयच्या भाषेत सांगल्यान तर तुमका ऐकाक येतला?"

वर्षाने तो कोप एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. मग पुन्हा. तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती.

आईचं निदान ठरलेलं होतं: उष्णता. आमच्याकडे उष्णतेवर औषध एकच, तिजण. नाचणी भिजवून वाटायची, गाळायची, नारळाचा रस आणि भरपूर गूळ घालून शिजवायची. पोर वाळत चालली म्हणून आई गुळाचा खडा मोठा करत गेली. दादा येताना शहाळी आणायचा. सगळ्या घराने मायेने पोरीला गोड भरवलं आणि पोर रोज थोडी थोडी विरत गेली. बिछाना ओला करायला लागली, दुसरीतली मुलगी. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी व्हायची.

मुंग्या दिसल्या त्या वहिनीला. वर्षा मागीलदारी माडाच्या आळ्याशी लघवीला बसायची, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. वहिनीने केर काढता काढता ते पाहिलं, झाडू तिथेच टाकला आणि मला हाक मारली. तिच्या माहेरी म्हातारी माणसं मुंग्यांचा काय अर्थ लावतात ते तिला ठाऊक होतं. पण ते म्हाताऱ्यांचं दुखणं, पोरांचं नव्हे, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. "तू शिकलेला मा गो," ती मला म्हणाली, "पोरांका नाय ना होणा ह्या?" मी म्हटलं, नाही होत. मला खरंच माहीत नव्हतं. ती माझ्या उत्तरासाठी थांबलीही नव्हती. पोरीला काखोटीला मारून ती बाजारातल्या डॉक्टरांकडे निघाली होती, मी चपला शोधत मागून धावले.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात वर्षाच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं. वहिनी पदर तोंडात धरून बघत होती. हिरव्याचं पिवळं झालं. प्रत्येक रंगाला ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघे, आता इथे थांबेल, आता थांबेल म्हणून. थांबलं ते विटेसारखं लाल होऊन. डॉक्टर म्हणाले, "साखर आहे. माझी शंका खोटी ठरली तर मला आनंदच होईल. पण हिला पणजीला न्या, आणि आजच न्या. श्वास बघा कसा चाललाय."

मी श्वास बघितला. खोल, भरभर, धावून आल्यासारखा. आणि त्याला पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता.

भाषेच्या आंदोलनाच्या त्या दिवसांत रस्त्यावर कधी कोण झाड पाडून टाकील याचा नेम नसायचा, बसचा भरवसा नव्हता. निरोप मिळताच दादा खाणीची जीप मिळवायच्या मागे लागला. जीप येईपर्यंत हातात थोडा वेळ होता. तेवढ्यात आई म्हणाली, "कौल घेवया."

आमच्या घरात कौलाशिवाय पान हलत नसे. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, सगळं देवाला विचारून. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आणि पाकळी पडेपर्यंत कोणी उठायचं नाही. अडलेल्या कौलावरून उठणं म्हणजे देवाला पाठ दाखवणं.

देऊळ रस्त्याला लागूनच. जीप तिथूनच जाणार होती, म्हणून वहिनीही आली. गुरवाने पाकळ्या लावल्या. पोरीला पणजीला न्यायचं की नाही, असं विचारलं. आम्ही बसलो. वर्षा वहिनीच्या मांडीवर. देवळात तिच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. पाकळ्या हलेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. आईचे ओठ हलत होते. मी मात्र त्या डाव्या पाकळीवर नजर खिळवून बसले होते. ती पडली तर? आई जाऊ देणार नाही. दादा आईचा शब्द मोडणार नाही. आणि ही पोर... मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. मी चतुर्थीला देखाव्यापुरती हात जोडणारी, पण तेव्हा मीसुद्धा जागची हलू शकले नाही. एवढा त्या पाकळ्यांचा धाक होता.

बाहेर दादाने आणलेल्या जीपचा हॉर्न वाजला. वहिनी उठली.

"बस गो," आई म्हणाली.

"कौल अडला. आतां उठूंक जायना," गुरव म्हणाला, तोही घाबरला होता.

वहिनीने पोरीला खांद्यावर घेतलं. आम्हा कोणाकडे तिने पाहिलं नाही. देवाकडे बघून म्हणाली, "देवा, तू सवकाश सांग. माका वेळ नाय." आणि पाठ न दाखवता, तशीच उलट्या पावलांनी उंबऱ्यापर्यंत गेली, मग वळून धावत सुटली. तिच्या मागून मी.

जीपमध्ये मात्र तिचा धीर सुटला. रस्ताभर ती एकच विचारत होती, "तिजणातलो गूळ मगे, तोच उतारलो आसतलो ना? म्हणान ता लाल झाला. होय मा गो?" मी होय म्हणत होते. दादा पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता. कुठे झाड आडवं पडलेलं दिसलं की ड्रायव्हर शिवी हासडून कडेच्या मातीत गाडी घालायचा. वर्षा झोपली होती की काय झालं होतं कळत नव्हतं. वहिनी तिच्या गालावर टिचक्या मारायची, "बाय, गो बाय..." आणि पोरीने डोळे किलकिले केले की पुन्हा गुळाचं सुरू.

पणजीच्या इस्पितळात पोरीला आत घेतलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. आम्ही बाकावर. वहिनीला अजून आशा होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला ती थांबवून सांगत होती, की पोरीने गुळाचं तिजण खाल्लंय, तपासताना ते ध्यानात घ्या. एकीला हसू आलं, तिने ते दाबलं. शेवटी डॉक्टरीण आली, वयस्कर, गळ्यात बारीक क्रूस. तिने वहिनीला स्वतःशेजारी बसवून घेतलं. गुळाचा काही संबंध नाही म्हणाली. हा मधुमेहच, आणि हिला रोज इंजेक्शन द्यावं लागेल.

"कितले दीस?" दादाने विचारलं.

"जल्मभर."

दादा खाली बसला. वहिनी मात्र डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट ऐकू आलं नसावं तशी. मग म्हणाली, "म्हणजे जल्म आसा तिका?"

"आसा. सुई चुकयली ना जाल्यार आसा."

"मगे माका दाखवा, सुई कशी धरतत ती."

तिने खोटी आशा सोडली ती त्याच क्षणी, आणि पुन्हा कधी धरली नाही. पुढे कितीतरी लोक आले, कोणी मुळ्या सांगितल्या, कोणी भस्म आणलं, इंजेक्शन बंद करा म्हणाले. वहिनी चहा द्यायची आणि वाटेला लावायची. केळीच्या गाभ्यात सुई टोचून टोचून तिने हात बसवला. घरी फ्रिज नव्हता. ओल्या वाळूच्या मडक्यात दुसरं मडकं ठेवून त्यात ती औषधाची बाटली जपायची. त्या मडक्याला आमच्यापैकी कोणी हात लावला तर खैर नव्हती. पोरीला पहिल्यांदा टोचलं तेव्हा वर्षा किंचाळली, आई दुसऱ्या खोलीत गेली, दादा अंगणात. वहिनीने सुई काढली, तिथे बोट दाबलं आणि म्हणाली, "रड. पण हलू नको."

आईने तिच्याशी बरेच दिवस अबोला धरला. कौलावरून उठलेली सून! पुढे तो आपोआप विरघळला. नातीच्या गालांवर मांस दिसायला लागल्यावर आईने देवाशी काय समजूत करून घेतली ती तिलाच ठाऊक. मी एकदा वहिनीला विचारलं होतं, की त्या दिवशी शेवटी पाकळी पडली कोणत्या बाजूला, तू कधी चौकशी केलीस का? ती भाकऱ्या थापत होती. "पडली आसतली खंय तरी," म्हणाली. "फुलाची पाकळी ती, कितको वेळ चिकटान रवतली?"

वर्षा शिकली, बँकेत लागली, लग्न होऊन म्हापशाला गेली. तिच्या घरात आता दोन फ्रिज आहेत. वहिनीचं हृदय थकलं तेव्हा वर्षा रजा घेऊन तिच्याजवळ येऊन राहिली. मी वरचेवर जायचे. वहिनी गेली त्याच्या आठवडाभर आधी तिने मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता, तरी तिचा ठसका तसाच. म्हणाली, "माझा काय झाला तर रडाक बरीच माणसा येतली. तू त्यांच्यात बसा नको. तू रांदपाच्या खोलीत जा." मला वाटलं, बाईला भ्रम झाला. "वर्षान सकाळची सुई घेतलेली आसतली," ती म्हणाली, "आणि तुमी सगळी माका धरून बसतल्यात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस घरात पडलेलं असताना चूल पेटत नाही, कोणी तोंडात घास घालत नाही. मग पाहुणे यायचे, वाट बघणं चालायचं, आणि सुई घेतलेली पोर उपाशी. सुईवर अन्न पडलं नाही तर साखर उतरून तिची शुद्ध हरपायची.

आणि तसंच झालं. ती सकाळी गेली, वर्षाचं इंजेक्शन घेऊन झाल्यावर, न्याहारीच्या आधी. मी पोचले तेव्हा वहिनीला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि वर्षा उशाशी बसली होती. पेडण्याचे लोक अजून यायचे होते. वर्षाच्या कपाळावर घाम होता, हाताची बोटं थरथरत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं ते दुःखाने. मी आधी साखर कालवलेलं पाणी तिच्या ओठांना लावलं, मग सरळ आत गेले, गॅस पेटवला, पेज चढवली. भाताचा वास बाहेर गेला असावा. आमची एक म्हातारी चुलती दारात येऊन उभी राहिली. "अगो, मडें घरांत आसा!"

"तिणेंच सांगलां," मी म्हटलं.

वाडग्यात पेज आणि वर लोणच्याची फोड घेऊन मी बाहेर आले. वर्षाने वाडग्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "आत्या, कशें जेवूं गे?"

तेवढ्यात दादा उठला. आयुष्यभर रीत न मोडलेला माझा दादा वहिनीच्या पायाशी बसला होता, तो वर्षाशेजारी येऊन बसला. माझ्या हातातून वाडगा घेऊन त्याने तिच्यापुढे धरला.

"जेव गो बाय," तो म्हणाला. "तूं जेवले बगर तुजी आवय हांगाच्यान हालची ना."

वर्षा जेवली. रडत, थांबत, वहिनीच्या उशाशी बसून सगळी पेज संपवली. आम्ही सगळे बघत होतो. वाडगा रिकामा झाला, मी तो आत नेला, आणि मग माणसं वहिनीला उचलायच्या तयारीला लागली.