काचेच्या पेटीला शेंदूर

धाकट्या नणंदेला क्षय झाला तशी सासरच्यांनी तिला आमच्याकडे लोणावळ्याला आणून घातली. "इथली हवा चांगली. बरी झाली की नेतो," म्हणाले. हवा म्हणे चांगली! भर पावसाळ्यात इथं धुकं घरात शिरतं, वाळत घातलेलं लुगडं चार-चार दिवस ओलं राहतं आणि मिठाचं पाणी होतं. पण पदरात पडलं आणि पवित्र झालं, बोलणार कुणाला? तिची खाट खिडकीपाशी टाकली आणि ती नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली.

हे रेल्वेत फिटर. बहीण म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. एकदा वडगावच्या बाजारातून आले ते तोंड उतरवूनच. चुलीपाशी बसून हळूच म्हणाले, "तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. त्यांच्या भावकीतला माणूस भेटला, त्यानं सांगितलं. तिला कळता कामा नये. आहे तेवढा जीवही सोडून देईल ती."

"तळपट होवो मेल्याचं!" मी म्हटलं. पण तेही हळूच म्हणावं लागलं, खाट भिंतीपलीकडेच होती.

त्याच सुमारास कुसगावच्या वाटेवरल्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला. त्याच्या मोडीतून हे माशांची काचेची पेटी उचलून घेऊन आले. लोखंडी सांगाडा, चार बाजूंना काचा. पडल्या पडल्या बहिणीला बघायला काहीतरी हलतं हवं, एवढाच ह्यांचा ध्यास. पेटी कसली, चाळण होती ती! काचा पक्क्या बसवायला कडांना भरलेली जुनी लांबी वाळून खडखडीत झाली होती. ह्यांनी माझी भाजीची सुरी घेऊन ती खरवडली आणि खडूची पूड जवसाच्या तेलात मळून नवी भरली. पण ह्या ओलीत ती वाळेल तर ना! दोन्ही बाजूंना शेगड्या ठेवल्या. पाणी भरलं आणि सकाळी बघतो तर अर्धं जमिनीवर.

"अहो, सडा घालायला आणलीत का ही?" मी म्हटलं. नणंद खुदकन हसली आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिली.

हे इरेला पेटले. वाफेच्या नळांच्या सांध्यांना शेंदूर तेलात मळून तागाबरोबर भरतात, तसला शेंदूर आणला आणि आतून सगळे कोपरे लिंपून काढले. "वाफ अडवतो हा, पाण्याची काय कथा!" खरंच, थेंब गळला नाही. लालभडक कोपरे बघून नणंदेनं खाटेवरूनच हात जोडले. "मारुतीच बसवलास की रे दादा घरात!"

मासे भुशीकडचा एक ठाकर आणून द्यायचा. पहिल्यांदा मडकं खाली ठेवून म्हणाला, "वैनी, ह्याचं कालवण कसं व्हनार? लय बारकं हाय."

"खायला नाहीत, बघायला हवेत."

"बघायला? मासं?" जाताना तो वळून वळून पेटीकडे बघत होता.

नणंद मात्र उशी टेकून बसायला लागली. पेजेचे दोन घास जास्त जायला लागले. मला वाटलं, आता उठते ही. आणि मासे मरायला लागले. रोज एखादा पोट वर करून तरंगायचा. देवाच्या अंगाला लावतात त्या शेंदराचा संशय कुणाला यावा? मी दृष्ट काढली, मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या. शेंदूर विषारी असतो हे पुष्कळ वर्षांनी एका रंगाऱ्यानं सांगितलं. तोवर पेटीही नव्हती आणि नणंदही नव्हती.

तेव्हा ह्यांनी आपली एक रीत पाडली. परसात घागरीत जादा मासे ठेवायचे आणि पहाटे मेलेला काढून तसाच दुसरा सोडायचा. मग बहीण उठली की, "बघ, कसे ठणठणीत आहेत!"

एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "वहिनी, तुटक्या शेपटीचा तो मासा मेला ना?"

"छे हो वन्सं, दगडाआड असेल."

"दगडाआड नाही. दादा पहाटे काढतो आणि दुसरा सोडतो. मी जागीच असते." पेटीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "माझ्या घरीही दुसरी आणली ना?"

एरवी माझी जीभ कुणाला हार जात नाही. तेव्हा मी नुसती वेणीचे पेड घालत राहिले. रडू आलं, ते मी तिच्या पाठीमागे होते म्हणून लपलं.

"दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला माहीत आहे हे कळलं तर त्याला सोसायचं नाही."

संध्याकाळी हे कामावरून आले ते हसतच. रस्ताभर जुळवत आले असणार. "अगं, तुझ्या घरून निरोप आलाय. दिवाळीला न्यायला येतात."

मी खाली बघितलं. नणंदेनं पदर सारखा केला.

"होय का?" ती म्हणाली. "वहिनी, मग माझं हिरवं लुगडं काढून ठेव गं."

मी उठले आणि ट्रंक उघडली.