डाव्या दाराची पट्टी

जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या माणसांकडे किस्से गंजासारखे साचतात. एक घासून काढावा तर खालून दुसरा निघतो. आमच्याकडेही बरेच आहेत, पण मान वर करून सांगावा असा त्यात एकही नाही. तरी सांगतो.

गंगापूर रोडला आमच्या विलासचा बंगला आहे. पोर्चमध्ये त्याच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, जुनी अँबॅसिडर. काचबिंदूनं आप्पांची नजर गेली, पण सकाळी गाडीपाशी जाऊन बसणं काही सुटलं नाही. आधी हेडलाइटवर हात, मग डाव्या बाजूच्या क्रोमच्या पट्टीवरून बोटं फिरवत पुढं, आणि पट्टी संपली की हँडल! 'ही पट्टी म्हणजे माझा कठडा आहे रे,' म्हणायचे. नातीच्या साखरपुड्याला सायखेड्याला याच गाडीतून जायचं, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणून गाडी रंगवायला काढली. रंगाआधी बाहेरच्या पट्ट्या उतरवायच्या होत्या. त्यासाठी गॅरेज कशाला? विलास, देशपांडे आणि मी, तिघंही रिटायर्ड!

*

देशपांडेनं जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. 'हा साधा लिव्हर आहे,' असं म्हणत त्यानं पट्टीखाली स्क्रूड्रायव्हर घातला आणि दाबला. पट्टी निघाली. सोबत वीतभर रंग निघाला आणि स्क्रूड्रायव्हर उडून जास्वंदीत पडला.

'फोर्स जरा जास्त झाला,' देशपांडे म्हणाला.

'अक्कल जरा कमी झाली!' आतून वहिनी, म्हणजे विलासची बायको.

*

पट्ट्यांच्या काढलेल्या क्लिपा हरवू नयेत म्हणून मी त्या एका वाटीत ठेवल्या. विलासनं न बघता त्याच वाटीत चिवडा ओतला. देशपांडे खात खात म्हणाला, 'वहिनी, दाणे जरा जास्तच तळलेत हं!' मग गालाला हात लावून बसला. एक क्लिप मिळाली, एक दात गेला.

*

रंग झाल्यावर पट्ट्या बसवायला घेतल्या. त्यांवर 'डावी', 'उजवी' अशा चिठ्ठ्या आम्हीच चिकटवल्या होत्या. विलासनं डावं-उजवं गाडीत बसून ठरवलं होतं, मी गाडीसमोर उभा राहून. अख्खी दुपार खटपट केली, पण भोकं जुळेनात.

शेवटी विलास म्हणाला, 'रंगानं गाडी फुगली असेल का रे?'

आणि आम्ही दोघांनी खरंच टेप लावून बघितलं!

*

डाव्या दाराची पट्टी मात्र सापडेचना. शेवटी ती परसात मिळाली. पडद्याचा रॉड समजून वहिनींनी ती कारल्याच्या वेलाला आधार म्हणून लावली होती, आणि वेलाच्या भारानं ती पार वाकली होती. एक टोक विलासनं धरलं, दुसरं देशपांडेनं, आणि सरळ करायला मधोमध मी उभा राहिलो. कट्‌! दोन तुकडे.

'कारली तरी बरी लागली का?' मी विचारलं.

*

नवी पट्टी कुठं मिळेना आणि साखरपुडा तोंडावर आला. मग आम्ही त्या दाराची भोकं पुट्टीनं बुजवली आणि वरून रंग मारला. आप्पा आतून रोज विचारायचे, 'डावीकडची बसली का रे?'

'बसली आप्पा, एकदम फिट! फक्त हात लावू नका, रंग ओला आहे.' हे पहिल्यांदा मीच बोललो, नंतर तिघंही बोलायला लागलो. त्यांना दिसत नाही, त्यांना काय कळणार, असं आम्हाला वाटलं होतं. हे सांगतानाही कान तापतात.

*

साखरपुड्याची सकाळ. पोर्चमध्ये पाहुणे, शेजारी, सगळे जमलेले. नात म्हणाली, 'आजोबा, हात द्या.'

'सोड गं, मला रस्ता माहितीये.'

आप्पांनी हेडलाइटला हात लावला. तिथून बोटं पट्टीवरून दारावर आली आणि थांबली. जरा वर गेली, जरा खाली आली. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. विलास कसाबसा म्हणाला, 'आप्पा, ते...'

तेवढ्यात शेजारच्या काकांनी मोठ्यानं विचारलं, 'काय आप्पा, कशी केलीय मुलांनी गाडी?'

आप्पांनी गुळगुळीत दारावर चांगला सपाट तळहात ठेवला आणि चाचपडत चाचपडत हँडलपर्यंत नेला.

'पट्टी काय बसवलीय म्हणून सांगू पोरांनी!' ते म्हणाले. 'हाताला जोडसुद्धा लागत नाही.'