दोन गाड्यांचा एक कंडक्टर

१२ मार्च, गुरुवार. पहाटे उठून डबे भरले. सहाला निघायचं ठरलं होतं, आठ वाजले. मागच्या खोलीतले कांदे बाल्कनीत हलवले आणि तिथे कॉट टाकली. सुनेने धुतलेली चादर घातली. भाऊजी सगळ्यांत शेवटी आले, पण आल्या आल्या दोन्ही गाड्यांतली माणसं मोजली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर बसचे कंडक्टर. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सीट धरून ठेवली होती, पण उतारू आधीच्या स्टॉपवरच उतरली." पुढे कुणी विचारत नसे. शिंप्याच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. माझी नात त्यांना डबलबेल म्हणते. कारण ते बरोबर असले की त्यांनी माणसं मोजून गाडीच्या पाठीवर दोन थापा मारल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाडी हलवत नाही. माझे यजमान होते तेव्हापासूनची ही रीत.

कॉट टाकली होती ती त्यांच्यासाठीच. गेल्या महिन्यात ते गॅसवर दूध ठेवून फिरायला गेले. शिंप्याला जळका वास आला म्हणून बरं. तेव्हापासून माझ्या मुलाने मनात घेतलं की काकांनी ती खोली सोडून आमच्याकडे यावं. "सहलीत बघतो मी," तो फोनवर बहिणीला सांगत होता. "पुन्हा काही विसरले, कुठे भरकटले, तर येताना थेट आपल्याकडेच उतरवायचं. चर्चा नाही." तो हे बोलत असताना भाऊजी दारात चपला काढत होते. त्यांचे कान अजून शाबूत आहेत, हे माझ्या मुलाच्या लक्षात राहत नाही.

निघताना ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही सगळे समुद्र बघायला चाललात. मी परीक्षेला."

"मग जरा स्वस्थ बसा."

"तेवढंच तर येत नाही!"

खरोखर येत नाही. सगळं आयुष्य चालत्या गाडीत उभ्याने गेलेला माणूस. मुलाच्या गाडीत मी, मुलगा, सून आणि नात. मुलीच्या गाडीत ती आणि जावई. भाऊजी दर थांब्याला गाडी बदलायचे. आमच्या गाडीत असले की तिकडे काय चाललंय याची काळजी, तिकडे असले की आमची. बसल्या जागी वळणाआधीच अंग तिरकं करायचे. घाट लागला तेव्हा पुढच्या सीटची पाठ अशी घट्ट धरली की सून म्हणाली, "काका, सीट उपटून येईल हं हातात."

दुसऱ्या दिवशी समुद्र. जावई आणि नात वल्ह्याच्या छोट्या होडीतून पाण्यात गेले, मुलगा पोहायला उतरला. मुलीने वाळूत चटई टाकली. भाऊजी मात्र पाण्याच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओठ हलताहेत. पाण्यातली डोकी मोजणं चाललं होतं.

"काका, टेका की जरा," मुलगी ओरडली. "समुद्र काही पळून जात नाही."

"समुद्र नाही गं, माणसं जातात!"

मीही त्या चटईवर धड बसले नाही. मुलगा पोहता पोहता त्यांच्यावर डोळा ठेवून होता आणि मी मुलावर. रात्री जेवताना भाऊजींनी चष्मा टेबलावर विसरला. मी तो गुपचूप उचलून पदराखाली घेतला आणि खोलीत नेऊन दिला. असली चोरी मी शाळेतसुद्धा केली नव्हती.

शनिवारी जंगल. तळ्याकाठी लाकडी मचाण होतं. सूर्य कलेपर्यंत तिथे मुकाट्याने बसायचं, हालचाल करायची नाही, असं वनरक्षकाने बजावलं. मी मनात म्हटलं, झालं! मचाणाची फळी सारखी कुरकुरत होती, आणि कुणामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी हरणांचा कळप पाण्यावर आला. नात श्वास रोखून बघत होती. भाऊजीही पहिल्यांदाच निश्चल झाले. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर ते हरणं मोजत होते.

उतरलो तोवर अंधारून आलं होतं. फाटक बंद व्हायची वेळ झाली होती आणि वनरक्षक बॅटरी हलवत "चला, चला" करत होता. दोन्ही गाड्या फाटकाबाहेर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एरवी भाऊजी एका गाडीला थापा मारून तिला सोडायचे, मग दुसरीत बसून आतून टपावर थापा मारायचे. त्या घाईत त्यांनी बाहेरूनच दोन्ही गाड्यांना एका दमात थापा मारल्या. गाड्या निघाल्या. आम्हाला वाटलं ते तिकडे आहेत, त्यांना वाटलं आमच्याकडे.

मुक्कामी पोचून सामान काढायला लागलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. आम्हाला मोजायला कुणी आलं नव्हतं.

"बघ, आई!" मुलाचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड चालू होतं. "सांगत होतो ना? गेले कुठेतरी भटकत!"

त्याने गाडी वळवली. मी आणि नात मागे बसलो. निघण्याआधी भाऊजींना फोन लावला, पण तो मुलीच्या पिशवीत वाजत होता. रस्ता जंगलातून जाणारा. ते आमच्यामागे चालत निघाले असतील, तर अंधारात काय गाठ पडेल सांगता येत नव्हतं. आणि सुखरूप सापडले तरी त्यांची खोली गेलीच. मी प्रत्येक वळणाला झाडांमध्ये बघत होते आणि कुणी दिसू नये अशी प्रार्थना करत होते.

रस्त्यात कुणी दिसलं नाही. फाटकाशी दिव्यांच्या झोतात भाऊजी दिसले. आम्ही सोडलं होतं त्याच जागी, पाटीला टेकून उभे. शेजारी मोटरसायकल धरून वनरक्षक.

"मी सोडतो म्हटलं यांना," तो वैतागून म्हणाला. "ऐकतील तर शपथ! म्हणे, सुटलेल्या उतारूने स्टॉप सोडायचा नसतो."

"काका, होतात कुठे तुम्ही?" मुलगा गरजला.

"मी? मी हललोच नाही. गाड्या हलल्या."

"अहो, पण गाडीत बसायचं नाही का?"

भाऊजींनी आपल्या पायांकडे पाहिलं. "थाप मारली आणि सवयीने पायरीवर पाय टाकला रे. तुमच्या मोटारींना पायरी नसते."

नात म्हणाली, "बाबा, तुम्ही मोजलं नाहीत?"

"मोजायचं काम त्यांचं."

"मग त्यांना कोण मोजणार?"

मुलाने गाडीचं मागचं दार उघडलं. "कंडक्टर स्वतःला धरत नाही गं," भाऊजीच तिला म्हणाले. "त्याचं तिकीट नसतं ना." परतताना ते माझ्या शेजारी अगदी टेकून, गप्प बसले. वळणावर अंगही तिरकं केलं नाही. हात गार होते. इतकी वर्षं मी त्यांना स्वस्थ बसा म्हणत आले, पण तसे बसलेले मला बघवेनात.

आज, रविवारी दुपारी घरी पोचलो. मुलाने त्यांची बॅग उचलून सरळ मागच्या खोलीत नेली. भाऊजी दारातच उभे राहिले. कॉट पाहिली, चादर पाहिली. चपला काढल्या नाहीत.

"माझा स्टॉप पुढचा आहे," ते म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"आणि गॅसचं काय, काका?"

"दूध थंड पिईन."

"आणि चहा?"

"चहाला इकडे येईन. दोनदा."

"तीनदा याल, मला माहीत आहे," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलगा बॅग घेऊन बाहेर आला. "चला. आधी तुम्ही बसा. थाप आज मी मारतो."

जिन्यात भाऊजींचे पाय भराभर वाजले. गॅसचा प्रश्न काही सुटलेला नाही, हे मला कळतं. मघापासून मी तीनदा गॅलरीत जाऊन आले. इथून शिंप्याचं दुकान दिसत नाही, तरीही.

१५ मार्च, रविवार. कॉट उभी करून भिंतीला लावली. बाल्कनीतले कांदे पुन्हा मागच्या खोलीत पसरले. चार कुजले होते, ते टाकले.