अंबाडी म्हणाला तरच

त्या घटनेची आठवण अजून माझी पाठ सोडत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा बारामतीत फौजदार होतो. बारामतीत मामाकडे राहून कॉलेज शिकणाऱ्या मुलीचा मृतदेह शेळगावजवळ कालव्यात मिळाला. गळा आवळलेला. मुलगी शेळगावचीच. कन्हेरीच्या एका तरुणाशी ती घरच्यांना चोरून लग्न करणार होती, अशी बातमी खबऱ्याने दिली. दोघांचे समाज वेगळे. तरुणाला ठाण्यात आणलं.

"मी पुण्यात कामाला, साहेब. तिला न्यायला माझा मित्र जाणार हुता. त्याचा फोन आला की 'भाजी कसली?' इचार, अंबाडी म्हणाला तरच घर सोड, असं फोनवर ठरलं हुतं."

"अंबाडीच का?"

"तिला अंबाडी बघवायची न्हाय. म्हटलं, कुणाच्या ध्यानातच यायचं न्हाय."

मित्राला त्याने अजून काहीच सांगितलं नव्हतं. पण कुणाचा तरी फोन आल्यावरच ती घराबाहेर पडली, असं मामा सांगत होता. म्हणजे शब्द दोघांनाच ठाऊक, त्यातली एक मेलेली. संशय त्याच्यावरच गेला.

मामाच्या घरी पंचनामा चालू असताना ठाण्याला कळवायला मी कॉर्डलेस फोन उचलला. आत बाईचा आवाज: "अगं, आमच्या ह्यांना माज्या हातचा चहाबी गोड लागंना आता!"

शेजारीण बहिणीशी बोलत होती. दोन्ही घरांतले फोन एकाच दुकानातले, एकाच बनावटीचे. एका फोनचं बोलणं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून असलेली कोडची बारीक बटणं दोघांनीही आणल्यापासून हलवलेली नव्हती. इकडचं बोलणं तिकडे ऐकू जाई.

शेजाऱ्याला समोर बसवलं.

"तात्या, पोरीचं बोलणं ऐकत होता?"

"तिच्या भल्यासाठीच, साहेब. तिच्या भावाला सांगितलं. त्यो म्हणला, समजूत घालून घरी नेतो."

"शब्दही सांगितला?"

"व्हय. भावाच्या दोस्तानं त्या पोराचा मित्र बनून फोन केला, तवाबी मी कानाला लावला हुता. तिनं इचारलं, भाजी कसली? त्यो म्हणला, अंबाडी. मग ती हसली. म्हणली, आलेच."

भाऊ आणि त्याचा दोस्त, दोघांना शिक्षा झाली. शेजाऱ्याला साक्षीदार करावं लागलं.

पुढे तपासात एक प्रश्न मी कधी चुकवला नाही: गुपित कुणाला सांगितलं, आणि कोणत्या फोनवरून सांगितलं? त्या मुलीला त्याचा काय उपयोग? मामा म्हणत राहिला, "पोरगी भोळी, कुणाच्याबी फोनवर निघाली."

ती भोळी नव्हती. तिने आधी विचारलं, खात्री करून घेतली आणि मगच पायात चप्पल घातली.