आप्पांचं निधान

आप्पा सायकल अशी चालवायचे की शेजारून चालणारी म्हैस पुढे निघून जायची. हे मी गमतीनं लिहीत नाही. चिकोडीच्या अलीकडच्या चढावर एकदा खरंच एका म्हशीनं आम्हाला मागे टाकलं आणि आप्पांनी बाजूला होऊन तिला हात जोडले. "जा बाई, तुझी धारंची येळ झाली आसंल. आमाला कुटं घाई हाय?" मागचे पुण्याचे पाहुणे हसून हसून सायकलींवरून उतरले. अशा गोष्टींमुळेच आप्पा सगळ्यांना आवडायचे. मलाही. आणि अशाच गोष्टींमुळे आता त्यांचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, म्हणून इतके दिवस तोंड मिटून होतो. लोक त्यांच्याबद्दल भरभरून बोलायचे आणि मी मान हलवायचो. आता मान हलवणार नाही.

आप्पा निपाणी-चिकोडी पट्ट्यातले जैन शेतकरी. द्राक्षाची बाग होती. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि बायकोवर चिडले की दोन्ही. मी बेळगावजवळच्या उचगावचा, नोकरी बेळगावच्या कॅम्पातल्या एका ऑफिसात, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव 'ऑफिसर'. द्राक्षं भरायला लागली की आम्ही दोघं मिळून बाहेरच्या लोकांना सायकलवरून या भागात हिंडवायचो. निपाणीहून निघायचं, तंबाखूचा वास मागे सोडायचा, उन्हातून बागा बघत जायचं, दुपारी एखाद्या मांडवाखाली भाकरी खाऊन आडवं व्हायचं आणि मुक्कामाला आप्पांच्या मळ्यावर पोचायचं. पाहुणे मी जमवायचो. वाट आप्पांची.

त्या वाटेवर त्यांचा एकच शब्द चालायचा, "निधान." कन्नडात निधान म्हणजे सावकाश. कुणी पुढे पळायला लागलं की मागून हाक यायची, "निधान, निधान! द्राक्षं पळून जात न्हाईत." एका बाईंनी त्यांना सांगितलं, "आप्पा, मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना." आप्पा म्हणाले, "मग बरोबर हाय की. सावकाश गेलं की त्योबी घावतोय." एकदा कोल्हापूरचे एक डॉक्टर आले होते. त्यांना निदान आणि निधान यातला फरक कळेना. आप्पांनी भर रस्त्यात सायकल थांबवून त्यांची शिकवणी घेतली. "तुमचं निदान दवाखान्यातलं, आमचं निधान रस्त्यावरचं. 'द'मधी जरा दम भरला की 'ध' हुतोय. म्हणून बघा, आमाला दम लागत न्हाय." डॉक्टर टाळ्या वाजवून हसले. हा फरक आप्पांना किती नीट माहीत होता ते मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.

वाटेत एक वाईनचा कारखाना लागायचा. आप्पांच्या मुलानं बागेतली काही द्राक्षं तिथं द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे आत जाऊन चव घ्यायचे आणि आप्पा फाटकाबाहेर चिंचेखाली सायकली राखत बसायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. एकानं त्यांना डिवचलं, "आप्पा, द्राक्षं तुमची, आणि तुम्हीच बाहेर?"

"पोरगी दिली म्हणून रोज जावयाच्या ओट्यावर जाऊन बसायचं व्हय?" आप्पा म्हणाले. "नांदतीया न्हवं, बास."

एवढ्या सावकाश माणसाला घाई व्हायची ती दिवसातून एकदाच. दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे, त्यांच्या बोलीत अंथऊ, आणि त्यानंतर घोटभर पाणीसुद्धा नाही. उन्हं कलली की आप्पांच्या अंगात वारं शिरायचं. पायडलवर उभे राहून ते असे सुटायचे की शहरातले तरणे लोक मागे पडायचे. "चला चला, आक्का ताट घिऊन हुबी आसंल!" आक्का म्हणजे त्यांची बायको. आणि त्या खरंच मळ्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या, एक डोळा सूर्यावर आणि एक रस्त्यावर. आम्ही धापा टाकत पोचायचो तोवर आप्पांचं अर्धं जेवण झालेलं असायचं. "काय ऑफिसर, म्हशीवर बसून आलासा काय?"

त्यांच्या शेवटच्या हंगामात ते चढाला थांबू लागले. आधी मोठ्या चढाला, मग प्रत्येक चढाला. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात टॉवेल, आणि तो टॉवेल घाम पुसायच्या निमित्तानं छातीवर दाबलेला. तोंडात तोच शब्द, "निधान." पाहुण्यांना ते फार भावलं. त्यांनी फोटो काढले. या माणसानं आम्हाला जगायला शिकवलं, असं एकानं फोटोखाली लिहिलं. त्या वाक्यानं अजून माझ्या अंगाची आग होते. माणसाला दम लागला होता आणि हे त्याचं तत्त्वज्ञान टिपत होते! मी विचारलं, "आप्पा, बरं हाय न्हवं?" तर म्हणाले, "गप रं ऑफिसर. बाग बघ." मी बाग बघितली. मजेला आणि दुखण्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि ते तो एकाच आवाजात म्हणायचे.

शेवटी मी फार मागे लागलो तेव्हा आक्कांना घेऊन ते बेळगावला दवाखान्यात जाऊन आले. मी फोन केला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"निधान म्हणाले."

"म्हंजे?"

"निधान म्हंजे निधान. सावकाश चालवा म्हणाले. तुला कन्नड येत न्हाय काय?"

मी हसलो. तेही हसले. त्या हसण्याचासुद्धा मला राग येतो.

पुढच्याच फेरीत उन्हं कलली आणि आप्पा सुटले नाहीत. मी वाट बघत होतो, आता उभे राहतील पायडलवर, आता म्हणतील चला चला. ते सायकलवरून उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. आक्का ताट घेऊन उभ्याच होत्या. आप्पांनी ताटाकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सकाळी बघू." उपाशी झोपले. पाहुण्यांना मी सांगितलं, आप्पा आता थकले.

फेरी संपून पाहुणे आपापल्या गावी पोचतात न पोचतात तोच मुलाचा फोन आला. मांडवाखाली घड बघता बघता आप्पा खाली बसले होते. गाडी येईपर्यंत संपलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा आक्का रडत नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनीच विषय काढला. "डॉक्टर म्हणाले हुते, निदान झालंय, आता थांबू नका, आपरेशन करून घ्या. हे भाईर आले आन् मला म्हणतात, ऐकलीस न्हवं, डॉक्टरबी निधान म्हणतोय. मी म्हणलं, अवो, त्यांनी निदान म्हणलं. तर म्हणाले, एकच ते. हंगाम झाला की बघू."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणाले. ऑफिसर पाहुण्यास्नी माघारी लावून दील, म्हणाले."

मी तिथून उठलो आणि बागेत जाऊन मांडवाच्या खांबाला लाथ घातली. भर रस्त्यात डॉक्टरला 'द' आणि 'ध' शिकवणारा माणूस! त्याची म्हणे ऐकण्यात चूक झाली. काही चुकलं नव्हतं. डॉक्टरनं एक शब्द दिला, यांनी त्यात दम भरला आणि आपल्याला हवा तो करून घेतला. बायकोला गप्प बसवलं, मला हसवलं. माघारी लावून दिलंच असतं मी पाहुण्यांना! दहा वेळा दिलं असतं. द्राक्षं पुढच्या वर्षीही येतात, आप्पा. तुम्हीच सांगायचात ना, पळून जात नाहीत म्हणून?

यंदा जुन्या पाहुण्यांनी त्यांच्या आठवणीत फेरी काढायचा हट्ट धरला. सगळ्यांनी टीशर्ट करून आणले, छातीवर मोठ्या अक्षरात 'निधान'. बरोबर छातीवर. मी माझा घातला नाही. उन्हं कलत आली असताना आम्ही म्हशीच्या चढाला लागलो. माझ्याच वयाचा एकजण मध्येच थांबला, हँडलवर वाकला आणि हसत म्हणाला, "निधान, निधान."

मी सायकल टाकून त्याच्याकडे धावलो. "निधान काय? छातीत दुखतंय? हात भरून येतोय? खरं सांगा!"

त्यानं घाबरून खिशातला मोबाइल वर केला. "अहो नाही हो. बागेचा फोटो काढायचा होता."

माझा हात त्याच्या हँडलवर तसाच होता. चढाच्या पलीकडे मळ्याच्या तोंडाशी यंदाही आक्का ताट घेऊन उभ्या असणार, एक डोळा सूर्यावर ठेवून.

"फोटो ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "चला. जरा जोरात मारा पायडल."