‘फोडणी’मधला चौथा ट्रॅक

प्रज्ञाने आमच्या घरातून काहीच चोरलं नव्हतं.

आमच्या घरच्यांनी आणि पाहुण्यांनी वाचावं म्हणून हे लिहितेय. परवा ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

प्रज्ञा माझी कॉलेजातली मैत्रीण. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर ती मिक्सटेप करायची. जुन्या गाण्यांचे तुकडे, त्यावर हलगी, मध्येच मिक्सरची घरघर, आणि तिच्या आईचं "ज्येवायला येतीस का येऊ लाटणं घिऊन?"
फोल्डरचं नाव ‘फोडणी’.

त्यातला चौथा ट्रॅक माझ्या वडिलांचा होता.

शाळेत जायच्या आधी मी सगळं घरातच शिकले, आप्पांकडून. पाढे तर त्यांच्याच चालीत. ते माझ्या भाचीला शिकवत होते, तेव्हा मी गुपचूप रेकॉर्ड केलं आणि प्रज्ञाला पाठवलं.

"आप्पा मला पायजेतच," ती म्हणाली. "हलगीला असला आवाज मिळत न्हाय."

मी हो म्हटलं. मीच.

चुलतबहिणीच्या हळदीला डीजेवाला आलाच नाही. मी प्रज्ञाला म्हटलं, तुझा पेनड्राइव्ह लाव की.

तीन ट्रॅकवर सगळे नाचले. मग आप्पांचा आवाज आला. "बे चोक आठ, आठ, आठ." आणि त्यांचं खाकरणं, तेही तालात.

पाहुणे हसून बेजार. आप्पा उठून आत गेले.

काकांनी विचारलं, "कुणी रेकॉर्ड केलंय हे?"

मी ताटातल्या हळदीकडे बघत राहिले.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी केलं, काका. न विचारता. चुकलं माझं."

काकू म्हणाल्या, "असल्यांना घरात घेतलं की चोऱ्याच हुणार."

असल्यांना म्हणजे कुणाला, ते मांडवातल्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.
तरी मी गप्प.

त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. बाहेर भेटली की विचारायची, "आप्पा अजून चिडल्यात व्हय गं?"
मी म्हणायचे, निवांत वेळ बघून सांगते त्यांना.

तीन वर्षं मी वेळ बघत होते.

आज सकाळी सांगितलं.

आप्पांनी विचारलं, "तवा का गप बसलीस?"
"तुमची भीती वाटली."
"आन् तिला वाटली नसंल?"

चप्पल घालून ते माझ्यासोबत तिच्या घरी आले. तिच्या आईसमोर, मावशींसमोर, हात जोडले. "आमच्याच पोरीनं दिल्तं ते. आमाला आज कळलं."

मावशी बसा म्हणाल्या, पाणी दिलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला ठावं हुतं. तिनं त्याच दिवशी सांगितल्तं. तू कवा येतीस, तेवढंच बघत हुती ती."

इथे ‘माफ कर’ लिहून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही.

प्रज्ञा, भेटलीस की तू आधी जयभीम म्हणायचीस. मी आजूबाजूला बघायचे आणि नुसतं हसायचे.

आज सगळ्यांसमोर म्हणते.

जयभीम, प्रज्ञा.