तांबोळी सरांचा थोरला

तांबोळी सर सकाळी दहाला कार्यालयात आले की आधी थोरल्याला उठवायचे, मग धाकट्याला. थोरला म्हणजे कार्यालयातल्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि धाकटा म्हणजे नवी. दोन्ही एकाच संगणकावर होत्या, पडद्यावर शेजारी शेजारी, आणि दोन्ही चिन्हांखाली सरांनी हीच नावं टाइप करून ठेवली होती. थोरल्यात कोरं पान उघडायचं, एक ओळ टाइप करायची, ती नीट उमटली की पान तसंच बंद करायचं. मग चष्मा पुसून धाकटा उघडायचा. "घरात वडीलधारं माणूस असलं की आधी त्याची तब्येत विचारतात," ते म्हणायचे. "कोथरूडला नसेल ही पद्धत."

मी कोथरूडची, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलं होतं. मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या बायकांच्या संघटनेत मी नुकती पूर्णवेळ काम करायला लागले होते. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. शेवंताबाईंना घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी आधी झोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्रांती बसने आली की दुचाकीवर?"

"बसने," मी म्हणाले.

"मग दमला असाल. बसा."

शेवंताबाईंचं काम साधं होतं. या बायकांची नोंदणी ज्या कार्यालयात होते, तिथे वीस वर्षं पुरी झाल्याचा दाखला मिळाला की निवृत्तीचा लाभ सुरू होतो आणि बाई घरी बसू शकते. शेवंताबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. पोत्यावर एकदा बसलं की उठताना शेजारणीचा हात लागतो. त्यांना तो दाखला हवा होता, बस्स. आयुष्यात दुसरं काही त्यांनी सरकारकडे मागितलेलं नाही.

सरांनी थोरला उघडला. उघडायला त्याने एवढा वेळ घेतला की मी मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळा रचला. मग पडद्यावर शेवंताबाईंचा फॉर्म आला. फोटो, गाळा, आडत्याचं नाव, नोंदणीची तारीख.

"चार महिने कमी आहेत," सर म्हणाले. "आज दाखला दिला तर वरचे लोक परत पाठवतील आणि बाईंना दोन जिने पुन्हा चढावे लागतील. चार महिन्यांनी या."

"पण हा संगणक इतका जुना का ठेवलाय?" मी विचारलं. "नवं सॉफ्टवेअर शेजारीच दिसतंय."

"दाखवतो. गंमत आहे." त्यांनी तोच फॉर्म धाकट्यात उघडला. झटक्यात उघडला. फोटो तोच, नाव तेच, पण नोंदणीच्या तारखेच्या चौकटीत त्या दिवसाची तारीख.

"हे फॉर्म मीच बांधले, नवशिका असताना," सर म्हणाले. "खरी तारीख फाईलच्या पोटात आहे. थोरला ती काढून चौकटीत आणून बसवतो. धाकट्याला ती युक्ती ठाऊक नाही. तो तिथे आजची तारीख घालतो, आणि त्यात साठवलं की पोटातली तारीख कायमची गेली. फाईल उघडलीच नसती तर बरं होतं हो. ती उघडते, आणि हसतमुखाने खोटं बोलते. सगळे फॉर्म हाताने नव्यात उतरवायला एक माणूस द्या, असे अर्ज केलेत मी. पोच आहे. माणूस नाही."

शेवंताबाईंनी पडद्याकडे पाहून विचारलं, "म्हंजी यात मी आजच कामाला लागले?"

"धाकट्याच्या मते, हो."

"मग गुडघं बी आजचं द्या म्हनावं."

सर हसले. पोट हलेपर्यंत हसले. मी हसले नाही. मी तेव्हा फार हसत नसे.

सरांचं घराणं भवानी पेठेतलं, तीन पिढ्या पुस्तकबांधणीचा धंदा. वडिलांच्या हाताखाली त्यांनी वह्या-चोपड्या बांधल्या, मग धंदा बसला तसा संगणकाचा कोर्स करून या कार्यालयात लागले. "नवा पुठ्ठा घालताना आतलं पान कापायचं नाही, हे वडिलांनी मला फूटपट्टीने शिकवलंय," असं ते सांगत आणि डाव्या हाताची बोटं दाखवत. कार्यालयात ते एकवीस वर्षं होते. म्हणजे मी म्हणते एकवीस. कार्यालय त्यांना दर वेळी अकरा महिन्यांचा आदेश द्यायचं, मग एक दिवस घरी बसवायचं, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवसानंतर ते कामावर आले की शिपायाला म्हणायचे, "नवीन माणूस आलाय. जरा चहा पाजा, ओळख करून घ्या."

या गोष्टीची मला चीड यायला हवी होती. कंत्राटी पद्धतीवर मी चार पत्रकं लिहिली होती. पण सर टेबलाच्या पलीकडे बसत, आणि मला तेव्हा टेबलाच्या पलीकडचा प्रत्येक माणूस सरकार वाटे.

पुढच्या महिन्यात एका सोमवारी बायका त्या जिन्यावर अकरापासून दीडपर्यंत उभ्या राहिल्या. थोरला बंद पडत होता, सर त्याला पुन्हा पुन्हा उठवत होते. गंगूबाईंना चक्कर आली. मी तिथेच जिन्यावर बसून पत्रक लिहिलं. चांगलं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. 'बायांची उभी रांग आणि साहेबांचा म्हातारा संगणक' असा मथळा. कालबाह्य प्रणाली येत्या सोमवारपर्यंत काढून टाका, ही पहिली मागणी. संगणक विभागातल्या दिरंगाईला जबाबदार असणाऱ्यावर कारवाई करा, ही दुसरी. ओळखीपाळखीने कागद पुढे सरकवणं बंद करा, ही तिसरी. खाली माझं नाव.

आमची पत्रकं कुणी वाचत नाही. त्यात कांदे बांधून नेतात. हे पत्रक मात्र साहेबांच्या वरच्या साहेबांनी वाचलं, आणि दोन दिवसांत निरोप आला की मागणी मान्य. माझ्या आयुष्यात मान्य झालेली ती पहिली मागणी. मी यार्डात पेढे वाटले.

गुरुवारी दुपारी सर स्वतः आमच्या कार्यालयात आले. आमचं कार्यालय म्हणजे गोदामाच्या कडेची एक खोली. ते बसले नाहीत.

"पत्रक वाचलं. मराठी चांगलं आहे, जोर आहे," ते म्हणाले. "एक विनंती आहे. धाकटा पुन्हा नव्याने घालताना यंत्र विचारतं, जुनी आवृत्ती ठेवायची की काढायची. साहेब म्हणतात काढायची, आणि सगळ्या फाईली एकदम नव्यात बदलून टाकायच्या. कारण तुमची मागणी तशी आहे. तुम्ही एका ओळीचं पत्र द्या, की जुनी राहू द्या. तेही नको असेल तर आठ दिवस द्या. मी थोरल्यातून एकेक उतारा छापून सही-शिक्का घेऊन ठेवतोय. सोमवारपर्यंत सगळे होणार नाहीत."

मी काय म्हणाले ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "सर, बायका वीस वर्षं हेच ऐकतायत. आज लिंक नाही, आज प्रिंटर नाही, आज आठ दिवस द्या. तुम्हाला तुमची खुर्ची वाचवायची आहे. एक दिवससुद्धा मिळणार नाही."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर आमच्या घोषणा होत्या.

"खुर्ची कार्यालयाची आहे," ते म्हणाले. "एक पाय हलतो तिचा. बसाल तेव्हा जपून."

आणि गेले.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. पडद्यावर प्रश्न आला, ठेवायची की काढायची. सर म्हणाले, ठेवा. साहेबांनी माझं पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "जनतेची मागणी आहे, तांबोळी." हे मला शिपायाने सांगितलं, सरांनी कधीच नाही. चहा होईपर्यंत थोरला गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या फाईली बदलल्या. जुन्या ठेवल्या नाहीत, कारण 'कालबाह्य प्रणाली' या शब्दांत कंपनीच्या माणसाच्या मते त्याही आल्या. सात आठवड्यांनी सरांचे अकरा महिने भरले. या वेळी एक दिवस घरी बसवून परत बोलावलं नाही. ती माझी दुसरी मागणी. तीही मान्य झाली.

चार महिने झाल्यावर मी आणि शेवंताबाई दोन जिने चढून गेलो. नव्या ऑपरेटरने फॉर्म उघडला. झटक्यात. "यांची नोंदणी आजची आहे," तो म्हणाला.

मग कपाटातून सरांनी छापून ठेवलेला गठ्ठा निघाला. सही, शिक्का, खऱ्या तारखा. अलकापासून रखमापर्यंत. चार दिवसांत, रोजची रांग सांभाळून, त्यांनी बाराखडीच्या क्रमाने तिथवर मजल मारली होती. रखमाबाईंपर्यंतच्या बायकांना त्यांची वर्षं मिळाली. लक्ष्मी, वत्सला, शेवंता, सखू, हौसा, या सगळ्या आज लागल्या.

मी सरांच्या घरी गेले. त्यांनी मला चहा दिला, वर बशीत दोन नानकटाया. मी विचारलं, "शेवंताबाईंना तुम्ही ओळखत होता. चार महिने राहिलेत हे ठाऊक होतं. त्यांचा कागद आधी का नाही काढलात?"

"मग सखूबाईंचा का नाही? ज्याची ओळख त्याचा कागद आधी, हे वाईट. तुम्हीच लिहिलंय. तिसरा मुद्दा. तो मात्र बरोबर होता."

"घरी एक प्रत आणून ठेवायची."

"कार्यालयाची फाईल घरी आणायची नाही, असा नियम आहे."

"तो नियम कोण पाळतं, सर?"

"कोणी पाळत नसेल तर मीही पाळायचा नाही, असं एखादं पत्रक आहे का तुमचं?"

मी बशीतली नानकटाई उचलली. ते म्हणाले, "सुनावणी मागा. मी येतो साक्षीला. कोणाची तारीख काय होती, बऱ्याचशा मला पाठ आहेत."

सुनावणी मिळवायला आम्हाला दोन मोर्चे आणि एक धरणं लागलं. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शेवंताबाईंची तारीख त्यांनी वारासकट सांगितली; त्या दिवशी यार्डाला सुट्टी होती आणि शेवंताबाई कडेवर मुलगी घेऊन आल्या होत्या, हेही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग समोरची फाईल उघडली.

"तांबोळी, आमच्या रेकॉर्डप्रमाणे आपला शेवटचा आदेश अकरा महिन्यांचा. आपण इथे लागलात ते मागच्या वर्षी. वीस वर्षांपूर्वीची नोंदणी आपण कशी पाहिलीत?"

एकवीस वर्षं ज्याला रोज 'तांबोळी, जरा इकडे या' म्हणून हाक मारली, त्याला तो माणूस तोंडावर हे विचारत होता. मी ओरडले. मला बाहेर काढलं. दारातून मी पाहिलं, सर उभे होते आणि चष्मा पुसत होते.

"आधीचे आदेश माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "उद्या आणतो."

"प्रत्येक आदेशात 'आधीच्या सेवेशी संबंध नाही' असं छापलेलं आहे," साहेब म्हणाले. "आपणच तर टाइप करत होता."

अर्ज फेटाळला. खाली उतरताना शेवंताबाईंना जिना अवघड जात होता. सरांनी त्यांना हात दिला आणि मधल्या वळणावर थांबले.

"बाई, माफ करा. मी श पर्यंत पोचलो नाही."

"असू द्या, सर. आईनं माझं नावच अ वरनं ठिवायला पायजे व्हतं," शेवंताबाई म्हणाल्या.

माझ्याकडे वळून सर म्हणाले, "तुम्ही लिहिणं सोडू नका. लिहा. पण ज्याच्याविरुद्ध लिहिताय, त्याला आधी एकदा विचारत जा, की बाबा रे, तू हे असं का करतोस. उत्तर पटलं नाही तर छापा. मी येऊन टाइप करून देईन."

तशी वेळ आली नाही. गेल्या हिवाळ्यात झोपेत गेले. दफनाला कार्यालयातून शिपाई तेवढा आला होता. बाकीच्यांना मी सांगायला गेले, तेव्हा आस्थापनेवाले म्हणाले की शोकसभा नियमित कर्मचाऱ्यांसाठीच असते. हे वाक्य मी जपून ठेवलंय. त्याचं मी पत्रक काढणार आहे, आणि त्यांना आधी विचारलंय. उत्तर पटलेलं नाही.

दफनानंतर आठवड्याने शेवंताबाईंचा अपिलाचा अर्ज घेऊन आम्ही पुन्हा त्या जिन्याने वर गेलो. नवा ऑपरेटर भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने फाईल उघडली. त्या चौकटीतली तारीख कुठे थांबलेलीही नाही. ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची दाखवते. तो वाचून म्हणाला, "आजचीच दिसते, मावशी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेवंताबाईंनी माझ्या मनगटाला धरलं आणि टेबलाचा आधार घेत उठल्या.

"चला, ताई. कांद्याची गाडी लागली आसंल," त्या म्हणाल्या. "आजच लागलीय मी. पयल्याच दिवशी उशीर नको."